रोडग्यांची पंगत ठेवून वस्तीच्या रुग्णसाहित्य केंद्रासाठी पैसे कसे उभे करायचे

आपल्या नागपुरात जेवण फुकट मिळणं काही नवीन नाही. रामनवमी, हनुमान जयंती, गजानन महाराजांचा प्रकट दिन, चौकाचौकात महाप्रसाद असते, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तर दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बाहेरगावून आलेल्या माणसाला लोक हात धरून जेवायला बसवतात. म्हणूनच वस्तीतल्या एखाद्या सेवेसाठी पैसे गोळा करायला जेवण ठेवू म्हटलं की पहिला प्रश्न हाच येते, की अहो पण जेवणाचे पैसे कसे घ्यायचे लोकांकडून? आमच्याकडेही मीटिंगमध्ये एका काकांनी हेच विचारलं होतं आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आमचं रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे समाजभवनाच्या बाजूची एक खोली. व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर होणारा पलंग), एअर बेड (हवेने फुगणारी गादी), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ज्याच्या घरी लागते तो डिपॉझिट ठेवून घेऊन जाते, काम झालं की परत आणून देते, भाडं काही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं तेव्हा आमच्या खोलीतही कमरेएवढं पाणी होतं. एअर बेडच्या मोटरी गेल्या, कॉन्सन्ट्रेटर गेला, लोखंडी पलंग गंजले. घरोघरी पावती पुस्तक घेऊन फिरलो पण त्या वेळी सगळ्यांचीच घरं ओली होती, कोणाला काय मागणार. मग थंडीत रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत ठेवली आणि तेव्हापासून दर वर्षी ठेवतो. पहिल्या वर्षी चुकाही भरपूर केल्या, त्या तुम्ही करू नये म्हणून हे सगळं लिहून राहिलो. तुमच्याकडे साहित्य केंद्र नसेल, अभ्यासिका असेल, रुग्णवाहिका असेल, शवपेटी असेल, पद्धत बरीचशी हीच लागते.

पैसे घ्यायचे की नाही

घ्यायचे, पण आधी सांगून. महाप्रसाद हा शब्द कुठेही वापरू नका, बोर्डावर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, माइकवर तर अजिबात नको. एकदा तो शब्द तोंडातून गेला की लोक मोकळ्या हाताने येतात आणि मग गेटवर कुपन मागितलं की त्यांना अपमान वाटते, आणि वाटणारच. आम्ही "सहयोग कुपन" म्हणतो आणि कुपनवरच मोठ्या अक्षरात लिहितो की हा पैसा कशाला लागणार आहे. "वस्तीच्या मदतीसाठी" असं मोघम नाही, "दोन एअर बेड आणि चार व्हीलचेअरचे टायर" असं. माणूस ते वाचते आणि त्याला आठवते की अरे, माझ्या बाबांच्या वेळी तो बेड आपल्याकडेच तीन महिने होता.

दानपेटी ठेवून "इच्छेप्रमाणे टाका" हेही लोक सुचवतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी ते करू नका. त्यात किती लोक येतील याचा अंदाज लागत नाही, आणि ज्याच्याकडे कमी आहे तो पेटीजवळ उगाच संकोचते. ठरलेली रक्कम बरी. आणि ज्यांना ती जमत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय करायची, ती अशी की काही लोकांना दोनच्या जागी पाच कुपनं घ्यायला सांगायचं आणि वरची कुपनं केंद्रात ठेवायची. आमच्या लाइनीत धुणी-भांडी करणाऱ्या ताई आहेत, सिक्युरिटीवाले काका आहेत, त्यांना ती कुपनं दोन-चार दिवस आधी घरी नेऊन देतो. कुपन तेच, रंग तोच, कोणाचं विकत घेतलेलं आणि कोणाचं दिलेलं हे गेटवर उभ्या असलेल्या पोराला कळतच नाही. हे फार महत्त्वाचं आहे, यात ढिलाई करू नका.

तारीख

रोडगे म्हणजे थंडीचंच जेवण, डिसेंबर ते जानेवारीचा शेवट. उन्हाळ्याचा तर विचारच नको, शिजवलेलं अन्नही टिकत नाही आणि आरापाशी (पेटलेल्या गोवऱ्यांपाशी) माणूसही टिकत नाही. तारीख धरताना आधी कॅलेंडर घेऊन बसा. एकादशी, संकष्टी नको, अर्धी वस्ती उपाशी असते. मोठी लग्नतिथी नको, कारण त्या दिवशी बिछायत केंद्रात (मंडप-भांडे भाड्याने देणाऱ्याकडे) एक गंज (मोठं पातेलं) शिल्लक नसते आणि आचारीही मिळत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते, मोर्चे असतात, रस्ते बंद असतात, पोलीस स्टेशनमधला सगळा स्टाफ बंदोबस्तात असते, म्हणून त्या आठवड्यात कोणतीही परवानगी मागायला जाऊ नका, तुमचाही वेळ जाते आणि त्यांचाही. रविवार सोयीचा, पण रविवार म्हणजे बऱ्याच घरी मटणाचा दिवस, दुपारी सावजी रस्सा झाला की संध्याकाळी कोणी हलत नाही. आम्ही शनिवार संध्याकाळ धरतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते म्हणून भांडे घासायलाही हात मिळतात.

रोडगेच का

सावजी ठेवा म्हणणारे खूप आहेत, पण त्यात खर्च वाढते आणि अर्धी वस्ती जेवायला येत नाही. तर्री-पोहे सकाळच्या छोट्या कार्यक्रमाला मस्त, एक किलो पोह्यात दहा-बारा प्लेटी होतात, कॉलेजच्या पोरांना हातात पैसे नसताना तेच जमते. पण पोहे खाऊन माणूस दहा मिनिटात निघून जाते. रोडग्यांचं तसं नाही. रोडगे भाजायला वेळ लागते, माणसं आराभोवती उभी राहतात, हात शेकतात, बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच पुढच्या वर्षीचे कार्यकर्ते मिळतात.

ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणीक जाडसर दळून आणायची, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं कडकडीत मोहन, घट्ट भिजवायची. छोट्या छोट्या पुऱ्या लाटून, मध्ये तेलाचा हात फिरवून तीन-चार एकावर एक ठेवायच्या, सगळ्यात बाहेरच्या पारीत गुंडाळून गोळा बंद करायचा. तिकडे गोवऱ्या पेटवून ठेवलेल्या असतात. धूर पूर्ण बंद व्हायला पाहिजे, वर पांढरी राख धरली पाहिजे, तोपर्यंत एकही रोडगा आत टाकू द्यायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. मग रोडगे आरात पुरायचे, अधूनमधून फिरवायचे. झाला की त्याला आपोआप भेग पडते, आत पदर सुटलेले दिसतात. बाहेर काढून गोणपाटावर घोळायचे, राख झटकायची, स्वच्छ सुती कपड्याने पुसायचे, आणि पानात पडताना मधोमध फोडून त्यात चमचाभर तूप. सोबत घट्ट वरण, वांग्या-आलूची तिखट भाजी, ठेचा, थोडा भात. बस. गोड ठेवू नका, बारा पदार्थ ठेवू नका, प्रत्येक वाढलेला पदार्थ म्हणजे एक गंज, एक वाढपी आणि एक चूक होण्याची जागा.

एका गोष्टीचा आम्हाला उशिरा विचार आला. धूर. आपल्याच केंद्राचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर त्याच लाइनीतल्या कोणाच्या तरी घरी चालू असते, आणि आपण त्यांच्या खिडकीखाली गोवऱ्या पेटवून राहिलो! आता आधी रजिस्टर उघडून बघतो की आजूबाजूला कोणाकडे पेशंट आहे, आणि आर पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लावतो, वारा कुठून येते ते बघून. बाजूला पाण्याचे दोन ड्रम आणि रेतीच्या बादल्या, आणि लहान पोट्ट्यांना जवळ येऊ न देणारा एक माणूस पूर्ण वेळ तिथेच. त्याला दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही.

कुपन आधी, किराणा नंतर

पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं. "चारशे तरी येतील" म्हणून चारशेचा स्वयंपाक केला आणि कुपनं गेटवर विकायला ठेवली. आले अडीचशेच्या आत. आणि जे आले ते सगळे आठ वाजता आले, कारण वेळ कोणी सांगितलीच नव्हती. आरात एका वेळी मावतात साठ-सत्तर रोडगे, समोर दीडशे माणसं पान घेऊन बसलेली, वरण वाढून झालेलं, भाजी वाढून झालेली आणि रोडगा नाही. एक आजी अर्धा तास तशाच बसून होत्या, शेवटी भात-वरण खाऊन उठल्या, काही बोलल्या नाहीत. मला आजही ते आठवते. रात्री गंजभर वरण उरलं ते वेगळंच.

तेव्हापासून कुपन आधी. पंचवीस-पंचवीसचं पुस्तक, प्रत्येकावर नंबर, शिक्का आणि स्थळप्रत. तीनशे कुपनं म्हणजे बारा पुस्तकं, बारा जणांना एकेक, कोणाला कोणत्या नंबरचं दिलं ते वहीत सही घेऊन. सात वाजताच्या पंगतीचा रंग हिरवा, आठचा पिवळा, नऊचा गुलाबी, आणि वेळ छापलेली. म्हातारे आणि लहान मुलं असलेल्या घरांना हिरवीच द्यायची. शनिवारी पंगत असेल तर मंगळवारी रात्री सगळी पुस्तकं परत, विकलेली असो की नसो, आणि बुधवारी जो आकडा निघेल त्यावर दहा टक्के वाढवून किराण्याची यादी. व्हॉट्सअ‍ॅपवर "हो येतो" म्हणणाऱ्यांना या आकड्यात धरू नका, पैसे दिलेले तेवढेच धरा.

विकण्याचं काम मात्र फोनवर होत नाही. घरी जावं लागते. आमच्याकडे सगळ्यात जास्त कुपनं दोन काकूंनी विकली, आणि त्यांनी काही भाषण दिलं नाही, त्या फक्त रजिस्टरची झेरॉक्स घेऊन गेल्या (नावं झाकून), की बघा, मागच्या वर्षी एवढ्या घरी साहित्य गेलं.

किराणा आणि हिशेब

तीनशे लोकांचा आमचा अंदाज असा. कणीक पन्नास किलोच्या आसपास, तूर डाळ बारा किलो, तांदूळ पंधरा-सोळा किलो कारण रोडगा असला की भात कमीच लागते, वांगी चाळीस किलो, आलू पंधरा, तूप सहा-सात किलो, तेल नऊ-दहा लिटर. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार कमीत कमी पंधरा, हात धुवायला वेगळा टँकर. गोवऱ्यांचा आकडा रोडगे भाजणाऱ्या माणसालाच विचारा, त्या किती सुक्या आहेत त्यावर असते. वांगी, सांबार (कोथिंबीर), मिरच्या पहाटे कॉटन मार्केट नाहीतर कळमन्यातून, किराणा इतवारीतून. तुपात काटकसर करू नका आणि वासावर शंका आली तर तो डबा उघडूच नका.

कुपन किती रुपयांचं ठेवायचं याचा आमचा साधा नियम आहे की खर्च कुपनच्या अर्ध्याच्या वर जायला नको. समजा एका पानाला ७५ रुपये खर्च येऊन राहिला तर कुपन १५० चं, तीनशे कुपनांचे ४५,०००, खर्च २२,५००, तेवढेच हातात. त्यापेक्षा जास्त उरवायचं असेल तर कुपन महाग करू नका, वस्तू मागा. रोख मागितली की माणूस विचारात पडते, पण "दादा, डाळ तुमच्याकडून" म्हटलं की बारा किलो डाळ येते. कणीक एकाकडून, तूप एकाकडून, पत्रावळ्या-द्रोण एकाकडून. आलेल्या वस्तूंची नावं बोर्डावर लिहा, सगळ्यांची एकाच आकाराच्या अक्षरात.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. संस्था नोंदणीकृत असेल तर कुपन संस्थेच्याच नावाने काढा. नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करायच्या आधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा, गणपती-दुर्गा मंडळं जी परवानगी घेतात तीच. अन्नाचं म्हणाल तर अन्न सुरक्षेच्या नियमांमध्ये छोट्या अन्न व्यावसायिकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येते, त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाकडची साधी नोंदणी करून ठेवा, आणि आचारी केटरर असेल तर त्याचं स्वतःचं लायसन्स बघा. पटांगण मनपाचं असेल तर झोन ऑफिसात अर्ज, पोलीस स्टेशनला पत्र, माइक रात्री दहाला बंद. गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलिंडरच आणा, घरचा लाल सिलिंडर आणून लावू नका.

आणि ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकराची सूट. कोणी ना कोणी विचारतेच. कुपनच्या बदल्यात माणूस जेवला, त्यामुळे ती रक्कम देणगी म्हणून दाखवू नका. कोणी वरून वेगळी देणगी दिली आणि तुमच्या संस्थेकडे ८०जी असेल तर त्याची वेगळी पावती, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर त्यावर सूट मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा लावा, एखाद्या पोराच्या मोबाइलचा नाही. तो पोरगा कितीही प्रामाणिक असला तरी नाही, उद्या बोलणं त्यालाच खावं लागते.

पंगतीच्या दिवशी

सकाळी पटांगण झाडा, आणि कमिटीतली माणसं स्वतः झाडू घेऊन उतरा. गाडगेबाबांच्या विदर्भात हे काही कोणाला शिकवायची गरज नाही. बिछायतवाल्याकडून भांडे घेताना मोजून, फोटो काढून घ्या. एका वर्षी आम्ही न मोजता घेतले आणि परत करताना चार पराती कमी निघाल्या, भरून द्याव्या लागल्या, त्या आल्या तरी होत्या का हे आम्हालाच सांगता आलं नाही.

वाढणाऱ्यांसाठी तीन नियम: नखं कापलेली, डोक्याला रुमाल, आणि तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखू) नाही. खर्र्यावर आमच्याकडे वाद झाला होता, एक-दोन जण रागावून गेले, पण आम्ही हललो नाही. ज्याला सर्दी-जुलाब आहे त्याने कुपन तपासावं, अन्नाजवळ येऊ नये. वरण आणि भाजी मंद गॅसवर सतत वाफाळत ठेवा. भात एकदम करू नका, पंगतीपंगतीला ताजा घाणा उतरवा, कारण तासन् तास झाकून ठेवलेला भातच सगळ्यात लवकर पोटाला त्रास देते. प्रत्येक पदार्थाची एक छोटी डबी बाजूला काढून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा, कोणाची तक्रार आलीच तर तपासायला हाती काही राहते. जैन घरं असतील तर कांदा-लसूण-आलू न घातलेला एक छोटा गंज आणि त्याचा चमचा वेगळा.

आता मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट. गेटजवळ, कुपन तपासतात तिथेच, केंद्रातलं साहित्य मांडून ठेवा. बॅनरवर फोटो नाही, प्रत्यक्ष वस्तू. आम्ही एक व्हीलचेअर, एक वॉकर आणि एक एअर बेड चालू करून ठेवतो. लोक हात लावून बघतात, बेडच्या फुगणाऱ्या नळ्या बघतात, विचारतात की याने पाठीला जखमा होत नाहीत का, आणि आमच्यातल्या एक ताई नर्स आहेत त्या समजावून सांगतात. व्हीलचेअरला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते, ही खुर्ची आतापर्यंत किती घरी जाऊन आली एवढंच लिहिलेलं. मागच्या वर्षी एक दादा त्या खुर्चीजवळ बराच वेळ उभे होते, हँडलवर हात ठेवून. त्यांच्या आईला त्यांनी त्याच खुर्चीवरून मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) नेलं होतं, हँडलला गुंडाळलेली निळी टेप त्यांनीच लावलेली होती. ते जेवले, मग बाह्या वर करून नऊच्या पंगतीला वाढायला उभे राहिले आणि रात्री गंज घासेपर्यंत थांबले. आता ते आमच्या कमिटीत आहेत.

भाषण ठेवू नका. नेते आले तर आनंद आहे, कुपन घेऊन पंगतीत बसावं. माइकवर फक्त एवढंच सांगायचं की साहित्य लागलं तर कोणाकडे यायचं, किती वाजता, आणि वापरून झालं की परत आणून द्या.

उरलं तर काय याचं उत्तर सकाळीच ठरलेलं पाहिजे. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या बाहेर पेशंटचे बाहेरगावचे नातेवाईक बसलेले असतात, पण रात्री बारा वाजता थंडगार वरण तिथे नेऊ नका. शेवटची पंगत बसली की लगेच अंदाज घ्या, जे गरम आहे ते झाकून, गाडी तयार ठेवून, दोन तासांच्या आत पोचवा, नाहीतर पाठवूच नका. पत्रावळ्या ओल्या कचऱ्यात, प्लास्टिक वेगळं, राख थंड झाली की झाडांना.

रात्री आणि त्यानंतर

पैसे त्याच रात्री मोजा. तीन जण, त्यातला एक कमिटीबाहेरचा, कुपनच्या स्थळप्रती समोर ठेवून. वहीत तिघांच्या सह्या, वहीचा फोटो ग्रुपवर, सोमवारी बँक उघडली की भरणा. दुसऱ्या दिवशी समाजभवनाच्या बोर्डावर हाताने लिहिलेला हिशेब लावा, जमा, खर्च, शिल्लक, वस्तूंमध्ये काय आलं, आणि जिथे तोटा किंवा चूक झाली तिथे तेही लिहा. चार परातींचे पैसे आम्ही बोर्डावर लिहिले होते, आणि एका काकांनी ते वाचून स्वतःहून भरून दिले.

मग पहिली खरेदी लवकर करा, आठ दिवसांच्या आत. लोकांच्या जिभेवर रोडग्याची चव असते तोपर्यंत. मागच्या वेळी आम्ही सगळ्यात आधी त्या व्हीलचेअरचे टायर बदलले, दोन्ही मागचे, ब्रेकची केबल नवीन टाकली, निळी टेप तशीच ठेवली. गुरुवारी ती एका घरी गेली. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, नुसत्या खुर्चीचा, पेशंटचा नाही.